फुली मारलीय तिथं सही करा

माझ्या वडिलांनी जन्मभर एका शब्दावर संसार चालवला. तो शब्द म्हणजे ‘न्हाय’.

आबा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत माल तपासायच्या कामावर होते. ओतून गार झालेलं कास्टिंग त्यांच्यासमोर यायचं. ते लहान हातोडीनं त्यावर एक ठोका द्यायचे आणि कान तिरका करून ऐकायचे. आवाज खणखणीत आला तर माल पुढं. बद्द आला तर आत कुठंतरी तडा आहे असं समजायचं. मग पांढऱ्या खडूनं त्यावर फुली आणि तोंडानं ‘न्हाय’. फुली मारलेला माल परत भट्टीत जायचा. मालकाचा मेहुणा शेजारी येऊन उभा राहिला तरी न्हाय, गिऱ्हाइकाचा ट्रक गेटवर हॉर्न वाजवत असला तरी न्हाय. घरीही तोच हिशेब. शाळेच्या सहलीला जाऊ? न्हाय. मला बघायला आलेल्या एका स्थळाला त्यांनी पोटभर पोहे खाऊ घातले, स्टँडपर्यंत पोचवलं आणि घरी येऊन चपला काढता काढता म्हणाले, "न्हाय. पोरगा बद्द वाजतोय."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, रिटायर झाल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात, सकाळी दात घासता घासता आबांच्या अंगावरनं वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदमच गेलं. चौथ्या दिवशी तोंडातून शब्द आला तेव्हा आई आणि मी खाटेच्या दोन बाजूंना धावलो. शब्द होता, "व्हय."

तेवढाच. पाणी मागायचं तरी व्हय, आईला हाक मारायची तरी व्हय. जन्मभर जो शब्द त्यांनी पैशासारखा जपून वापरला होता तेवढाच मागं राहिला, आणि ज्याच्यावर आमचं घर उभं होतं तो गेला. आम्ही बौद्ध, घरात देव नाही. त्यामुळं हा विनोद नेमका कुणी केला म्हणायचा, हा प्रश्न आमच्याकडं अजून सुटलेला नाही.

आता इथं कोल्हापूरबाहेरच्या माणसासाठी एक सांगायला हवं. आमच्याकडं ‘व्हय’ म्हणजे हो, हे पुस्तकातलं झालं. तुटक, आखूड ‘व्हय’ म्हणजे हो, हे बरोबर. पण तोच शब्द जरा लांबवून, खालचा ओठ पुढं काढून ‘व्हऽऽय’ असा म्हटला, तर त्याचा अर्थ ‘मला शिकवतोस काय, चल नीघ’ असा होतो. भाजीवालीनं मेथीच्या जुडीचा भाव वाढवून सांगितला की गिऱ्हाईक ‘व्हऽऽय’ म्हणतं आणि पुढच्या टोपलीकडं जातं. भाजीवाली काही ‘हो म्हणाला, आता घे’ म्हणून त्याच्या मागं धावत नाही. हे इथल्या पाच वर्षांच्या पोराला कळतं. मी जयसिंगपूरच्या एका हायस्कुलात मराठी शिकवत होते आणि पोरांच्या निबंधातले ‘व्हय’ लाल शाईनं खोडून ‘होय’ करत होते, तरी मलासुद्धा कळत होतं.

दवाखान्यात मात्र कुणाला कळेना. तसं बघितलं तर सगळे इथलेच. मोठे डॉक्टर इथल्याच पेठेत वाढलेले, सिस्टर हातकणंगल्याच्या बाजूची. घरी ही माणसं आपसात काय ‘होय, मला समजलं’ असं बोलत असतील? पण पांढरा कोट अंगावर चढला की माणसाचे कानसुद्धा शुद्ध मराठीत ऐकायला लागतात, असा माझा अनुभव आहे.

मोठ्या डॉक्टरांचा राऊंड म्हणजे एक वरात असायची. पुढं डॉक्टर, मागं दोन शिकाऊ, त्यांच्या मागं सिस्टर, आणि सगळ्यात मागं उगीचच एक वॉर्डबॉय.

"काय आबा, बरं वाटतंय ना?"

"व्हय."

"जेवण जातंय ना?"

"व्हय."

"झोप लागली ना?"

"व्हय."

"छान, छान!" असं म्हणून वरात पुढच्या खाटेकडं.

त्या ‘ना’वर माझा पहिल्या दिवसापासून राग आहे. आपल्याकडचं निम्मं वैद्यकशास्त्र त्या ‘ना’वर चालतं. प्रश्न विचारतानाच उत्तर पेशंटच्या तोंडात कोंबायचं आणि तेच बाहेर आलं की छान म्हणायचं. ज्याला बोलता येतं तोसुद्धा त्या ‘ना’पुढं गप्प बसतो, मग ज्याच्याकडं शब्दच एक उरलाय त्यानं काय करावं?

मी डॉक्टरांना म्हटलं, "हे सगळ्यालाच व्हय म्हणतात. त्याचा अर्थ हो असा नाही."

"असं कसं? अगदी योग्य उत्तरं देतायत."

मग मी त्यांच्यासमोरच विचारलं, "आबा, तुम्ही कोल्हापूरचे कलेक्टर हाय काय?"

"व्हऽऽय," आबा माझ्याकडं अशा नजरेनं बघत म्हणाले, की एरवी मी तिथून पळच काढला असता.

डॉक्टर मोठ्यांदा हसले. "वा! विनोदबुद्धी शाबूत आहे. गुड साइन." शिकाऊंनी ते लिहून घेतलं.

पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

शिकाऊ दोघांची आणखी एक गंमत होती. पेशंट बोलत नाही म्हणजे त्याला ऐकू येत नाही, असं एकाचं मत. तो आबांच्या कानाशी वाकून गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा ओरडायचा. लोखंडातला केसाएवढा तडा ज्या कानानं ओळखला, त्याच कानात हा पोरगा ‘आजोबा, जीऽऽभ दाखवा’ म्हणून बोंबलायचा. दुसऱ्याचं मत जरा वेगळं. पेशंटला मराठी कळत नाही असं त्याला वाटायचं, म्हणून तो मोठ्या प्रेमानं हिंदीत शिरायचा. "बाबाजी, दर्द किधर है?" बाबाजी! आमच्या आईनं लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंडाला पदर लावला तो हसू दाबायला.

हसण्यावारी गेलं असतं, तर मी हे लिहायलाच बसले नसते. पण आबांचा उजवा खांदा दुखत होता. खाटेवरून उठवताना वॉर्डबॉय त्यांना त्याच लुळ्या हाताला धरून ओढायचा. ओढलं की आबांचा चेहरा पिळवटून निघायचा, आणि ते ‘व्हय, व्हय, व्हय’ असं ओरडायचे. वॉर्डबॉय म्हणायचा, "व्हय म्हंत्यात की ओ, ओढा म्हंत्यात." मी राऊंडला तक्रार केली. डॉक्टरांनी लगेच वाकून विचारलं, "आबा, खांदा दुखत नाही ना?"

"व्हऽऽय."

"नाही म्हणतायत," डॉक्टर मला समजावून सांगत म्हणाले, "तुम्ही उगाच काळजी करता."

त्या दिवशी मला त्या माणसाचा इतका राग आला की मी जिन्यात जाऊन उभी राहिले. बाप डोळ्यांदेखत कळा सोसतोय, एवढं मोठं हॉस्पिटल, माणसागणिक स्टेथोस्कोप, आणि त्याचा एक नकार ऐकायला कुणाकडं कान नाही. आबांना न्हाय म्हणता येत नव्हतं, एवढाच सगळा प्रश्न होता. बाकी त्यांना सगळं कळत होतं.

त्याच आठवड्यात आबांचे फौंड्रीतले एक जुने सोबती भेटायला आले. आल्या आल्या खाटेच्या पायथ्याशी उभं राहून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "जयभीम."

"जयभीम," आबा म्हणाले. एकदम स्वच्छ, खणखणीत.

आई रडायलाच लागली. असे सवयीचे, हाडात मुरलेले शब्द वारं गेल्यावरसुद्धा आपोआप बाहेर येतात, हे पुढं कधीतरी कळलं. आबा बुद्धवंदनासुद्धा सुरुवात करून दिली की अख्खी म्हणायचे, आणि संपली की परत व्हयवर यायचे. पण तेव्हा हे कुणाला ठाऊक? सिस्टरनं औषधाचा ट्रे टेबलावर आपटला.

"म्हंजे बोलता येतंय की! आमच्यासंगट नाटक करालेत व्हय?"

त्या एका शब्दानं वॉर्डात दोन निदानं झाली. एक सिस्टरनं केलं, पेशंट ढोंगी आहे म्हणून. दुसरं शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायकोनं केलं. दोन दिवस ती आमच्या आईला ‘घ्या की ओ वैनी’ म्हणून भाकरीचा डबा पुढं करत होती. तो डबा तिनं गुपचूप आपल्या खाटेच्या पलीकडच्या बाजूला ठेवला. या निदानाला तिला एक्स-रे लागला नाही की रक्त लागलं नाही. डॉक्टरांपेक्षा ती हुशार म्हणायची.

सोबती मात्र आबांशी गप्पा मारत बसले. फौंड्रीत कोण मेला, कोण सुटला, नवीन भट्टी कशी चालत नाही, सगळं. आबा ऐकत होते, मधून मधून व्हय म्हणत होते, आणि सोबत्यांना ते सगळे व्हय बिनचूक कळत होते, कारण ते त्यांच्याशी शुद्ध मराठीत बोलतच नव्हते. जायला म्हणून ते उठले आणि उशी नीट करायला वाकले, तेव्हा आबांचा डावा हात त्यांच्या शर्टाच्या खिशात गेला. खिशात फौंड्रीतल्या खडूचा तुकडा होता. आबांनी तो काढला, आणि दवाखान्याच्या हिरव्या सदऱ्यावर, आपल्याच उजव्या खांद्यावर, वाकडीतिकडी फुली मारली.

सोबत्यांनी वाकून ती फुली बघितली. मग म्हणाले, "आयला, खांदा रिजेक्ट केलाय की ओ!"

फुली घेऊन आम्ही डॉक्टरांकडं गेलो, म्हणजे आबांनाच चाकाच्या खुर्चीत घालून नेलं. या वेळी सोबतीही बरोबर होते आणि त्यांचा आवाज भट्टीवरचा होता. एक्स-रे निघाला. खांद्याचं हाड खोबणीतून खाली उतरलं होतं. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली, चष्मा वर केला आणि मला म्हणाले, "हे आधी सांगायचं नाही का?"

मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. मराठीची शिक्षिका म्हणून माझी काही अब्रू आहे.

खडू सापडल्यावर मात्र आबांनी सुटीच दिली नाही. उपमा आला, ताटाच्या कडेवर फुली. हिंदीवाला शिकाऊ आला, त्याच्या पॅडवर फुली. ओरडणारा आला, त्याच्या काळ्या पँटवर मांडीशी फुली, आणि तो ती घेऊन दिवसभर वॉर्डातून हिंडला. मोठ्या डॉक्टरांच्या कोटावर तर आबांनी किती वेळा फुली मारली असेल! पण पांढऱ्यावर पांढरं, दिसणार कुणाला? आबांच्या ते ध्यानात आलं तेव्हा त्यांनी खडू माझ्या पुढं धरला आणि असा चेहरा केला, की मी दुसऱ्या दिवशी शाळेतून निळ्या खडूंचा डबाच आणला. शाळेच्या खर्चानं. त्यावर हेडमास्तर काही बोलले नाहीत, बहुतेक त्यांना माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं.

सिस्टरनं तो डबा दोनदा जप्त केला. भिंती खराब होतात म्हणे. त्या भिंतींवर पानाच्या पिचकाऱ्या होत्या, कुणाच्या तरी प्रेमाचा बाण होता, फिनाईलचे ओघळ होते. त्यात आमची एक निळी फुली तेवढी घाण.

घरी आल्यावर आबांचा कारभार पाटी आणि निळ्या खडूवर चालू लागला. आवडलं तर आखूड व्हय, नाही तर फुली. आईला पाटीचीही गरज नव्हती, ती चुलीकडं तोंड करून नुसत्या आवाजावरून ओळखायची. पंधरा दिवसांतून एकदा मिरजेहून एक बाई बोलणं शिकवायला यायच्या. बाई चांगल्या होत्या, आबांशी हळू आणि एका वेळी एकच गोष्ट बोलायच्या. या सगळ्याला अफेझिया म्हणतात, हे त्यांनीच आम्हाला पहिल्यांदा सांगितलं. माणसाची समज जात नाही, शब्दांची वाट मोडते, असं त्या म्हणाल्या. पण त्यांच्याजवळची चित्रं परदेशातून आलेली. बर्फाचा माणूस, पाव भाजायचं यंत्र, शेकोटीची चिमणी. बाई विचारायच्या, "हे काय आहे, आबा?" आबा पाव भाजायच्या यंत्राकडं बराच वेळ बघायचे आणि फुली मारायचे. बाई लिहायच्या, ‘ओळखता आलं नाही.’ मला वाटतं, आबांनी त्याची ओतकाम म्हणून तपासणी केली असावी.

अशी सात-आठ वर्षं गेली. ‘न्हाय’ हा शब्द काही परत आला नाही. आम्हीही वाट बघायचं सोडलं होतं, कारण फुलीवर आमचं बरं चाललं होतं.

मग आबांना दुसरा झटका आला. या वेळी अंगावर फारसं दिसलं नाही, पण घास गिळताना ठसका लागायला लागला. पाणी चुकून श्वासाच्या वाटेला जायचं. एव्हाना कोल्हापुरात काचेची हॉस्पिटलं झाली होती. त्यातल्या एकात आम्ही गेलो. खाली गार वारा, वर सरकतं दार, आणि नातेवाइकांशी बोलायला एक वेगळी खोली. त्या खोलीत धबधब्याचं चित्र आणि टेबलावर कागदी रुमालांचा डबा. म्हणजे इथं रडायचं असतं, हे आत शिरतानाच कळायचं.

डॉक्टर तरुण होते, टाय लावलेले, बोलायला फार मऊ. आई आणि मी त्यांच्यासमोर बसलो. आबा काचेपलीकडं खाटेवर होते आणि तिथून आमच्याकडं बघत होते. पोटाला बारीक भोक पाडून नळी बसवायची, जेवण पातळ करून त्यातूनच द्यायचं, तोंडानं काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. प्लास्टिकचं पोट काढून दाखवलं.

"तुम्ही त्यांना विचारलंत का?" मी म्हटलं.

"कुणाला?"

"ज्यांच्या पोटाला भोक पाडायचं, त्यांना."

"मॅडम," डॉक्टर मऊपणे म्हणाले, "त्यांना अफेझिया आहे."

म्हणजे शब्द कोल्हापुरात पोचला होता तर. पहिल्या वेळी हा शब्द कुणाला माहीत नव्हता म्हणून आबांचं कुणी ऐकलं नाही. आता माहीत होता म्हणून ऐकायची गरज उरली नव्हती.

मी हटून बसले तेव्हा डॉक्टर उठून आबांच्या खाटेशी गेले, वाकले, आणि मोठ्यांदा, लहान मुलाशी बोलतात तसं म्हणाले, "आबाऽऽ, पोटात एक छोटुशी नळी घालूया ना? म्हणजे ताकद येईल, हां?"

"व्हऽऽय," आबा म्हणाले. रंकाळ्यावरून निघून कळंब्याला पोचेल एवढा लांब व्हय.

"बघा. ते तयार आहेत."

"आत्ता तर त्यांना अफेझिया होता," मी म्हटलं. "हो म्हटल्यावर बरा झाला?"

डॉक्टर गोरेमोरे झाले. मी पिशवीतून निळा खडू काढून आबांच्या डाव्या हातात दिला. पाटी घरी राहिली होती. सिस्टरच्या हातात संमतीचा कागद होता, आबांनी तोच ओढून घेतला आणि खालच्या कोपऱ्यात भलीमोठी फुली मारली. डॉक्टर म्हणाले, "इंटरेस्टिंग," आणि त्यांचा फोन वाजला म्हणून गेले.

मला वाटलं, झालं. संपला विषय. आई खाली चहाला गेली. अर्ध्या तासानं तिथली सिस्टर, एक कोवळी पोरगी, फाईल घेऊन आली. तिनं तो कागद माझ्यापुढं धरला आणि पेनचं टोपण काढून दिलं.

"मॅडम, उद्या सकाळी नळीचं घेतलंय सरांनी. फुली मारलीय तिथं सही करा."

क्षणभर मला अर्थच लागेना. मग लागला, आणि मी हसत सुटले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि ते हसण्याचंच होतं असं नाही. आपल्याकडं बँकेत, कचेरीत, शाळेत, सगळीकडं कारकून सहीच्या जागेवर फुली मारून देतो. मीसुद्धा पालकांना पन्नासदा म्हटलं असेन, फुली मारलीय तिथं सही करा. माझ्या बापाकडं जगाला न्हाय म्हणायला एक खूण उरली होती, आणि ती नेमकी संमतीची जागा दाखवत होती.

"ही फुली पेशंटनं मारलीय," मी म्हटलं. "नको म्हणून."

"पेशंटनं कशाला मारली?" ती बिचारी गोंधळून म्हणाली. "फुली आम्ही मारतो की ओ."

मी तिला कागद परत दिला आणि डॉक्टरांना बोलावणं पाठवलं. ते आले, आणि हे सांगितलंच पाहिजे, की या वेळी ते स्टुलावर बसले. म्हणाले, "मॅडम, नळी नको म्हटलं तर काय होईल हे त्यांना कळायला हवं. घास छातीत जाईल, निमोनिया होईल. जिवावर बेतेल."

"मग हे त्यांना सांगा. मला कशाला सांगताय?"

त्यांनी सांगितलं. खरंच सांगितलं. ‘ना’ न लावता, हळू, एका वेळी एक गोष्ट. मी कागदाच्या पाठीवर तोंड, गळा, छाती आणि पोट काढलं. घास चुकीच्या वाटेनं जातो तो बाण काढला, छातीवर हात ठेवून खोकून दाखवलं. मग पोटातली नळी काढली. आबा ते चित्र कास्टिंग बघावं तसं बघत होते, मान तिरकी करून. डॉक्टरांचा फोन वाजला तो त्यांनी बंद केला. मग आबांनी खडू उचलला आणि नळीवर फुली मारली.

"आणि घरी जाऊन तोंडानंच जेवायचं? धोका असला तरी?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय." आखूड, तुटक.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "हा खरा."

दुसऱ्या दिवशी आम्हाला सोडलं. कसा घास द्यायचा, बसवून द्यायचा, हनुवटी खाली घ्यायची, पाणी पावडर घालून घट्ट करून द्यायचं, हे सगळं त्यांनी आईला नीट शिकवलं. मग डिस्चार्जचा कागद हातात आला. त्यावर छापलं होतं, ‘नळी बसवण्यास नातेवाइकांचा नकार.’

मी काउंटरवर गेले. म्हटलं, "नकार माझा नाही, पेशंटचा आहे. तसं लिहा."

काउंटरवरच्या पोरानं कॉम्प्युटरवर बरीच बोटं चालवली. "पेशंटचा नकार टाकला की पेशंटची सही मागतंय, मॅडम."

"फुली आहे की."

"फुली चालत न्हाय."

इतक्या वर्षांत दवाखान्यातल्या कुणाच्या तोंडून ऐकलेला तो पहिला स्वच्छ, खणखणीत ‘न्हाय’. काल हीच फुली भोक पाडायला चालत होती. मी खुर्चीतल्या आबांना ती ओळ वाचून दाखवली. त्यांनी खडू मागितला आणि त्या ओळीवर निळी रेघ ओढली, मग दुसरी, आडवी.

आबा त्यानंतर दीड-दोन वर्षं जगले. डॉक्टरांचं खोटं नव्हतं. शेवटी निमोनियानंच गेले, आणि ठसका लागला की मी हातातलं टाकून त्यांच्याकडं धावायचे, ते शेवटपर्यंत. एकदा दुपारी मऊ भात भरवताना त्यांना असा ठसका लागला की चेहरा काळानिळा पडला. पाठ चोळून चोळून श्वास परत आला. मी डॉक्टरांना जन्मभर नावं ठेवली, पण त्या वेळी भीतीनं माझ्याच तोंडून तोच ‘ना’ निघाला.

"आबा, चुकलं काय ओ आपलं? नळी घालायला पाहिजे होती ना?"

"व्हय," आबा म्हणाले.

मी चमचा वाटीत ठेवला. इतकी वर्षं मी सगळ्यांना शिकवत आले, हा व्हय असा, तो व्हय तसा. हा कुठला होता ते मला कळेना. ठसक्यानं आवाज बसला होता. लांब होता की आखूड?

आई चुलीकडं तोंड करून होती. मागं न बघता म्हणाली, "त्यो न्हवं. दुसरा हाय."

आबांनी डावा हात पुढं केला. मी पाटी शोधायला लागले, तर त्यांनी माझं मनगट धरलं, खडू घेतला आणि माझ्याच तळहातावर फुली मारली. चांगली दाबून, दोन्ही रेघा. प्रश्नासकट मला रिजेक्ट केलं. मग त्याच हातानं भाताची वाटी माझ्याकडं सरकवली.

"अजून वाढू?" मी विचारलं.

"व्हय."

हा मात्र कुठल्याही डॉक्टरला कळला असता.